दाजींची नजर

शिंप्याचा हात असा, की डोळे मिटून काज करील. पण समुद्रावर गेला की त्याला काय व्हायचं कोण जाणे! मासा दिसला की भान सुटलंच. श्वास रोखून खाली जायचं आणि भाल्याच्या बंदुकीनं मासा टिपायचा, हा त्याचा आणि मेहुण्याचा सुट्टीचा नाद. बायको म्हणायची, "नवरा आणि भाऊ, दोघंही खारवून टाकलेत माझे समुद्रानं."

त्यात एक नेम असतो, बरं का. एकानं बुडी मारायची, दुसऱ्यानं वर तरंगत त्याच्यावर डोळा ठेवायचा. तो वर आला तरी मान फिरवायची नाही. त्यानं श्वास घेऊन "ठीक" म्हटलं, की मगच. कारण भोवळ येते ती पुष्कळदा डोकं बाहेर आल्यावर. मागे एकदा मेहुणा वर आला, शिंप्यानं मासा बघून पाठ फिरवली, आणि इकडे मेहुणा पाण्यात पालथा! होडीवाल्यानं मानगूट धरून ओढला म्हणून वाचला. तेव्हापासून मेहुण्याबरोबर पाण्यात उतरायचा होडीवाला, आणि शिंपी होडीत चहा करायचा.

आज होडीवाल्याचा कान ठणकत होता. कापूस घालून बसला नि म्हणाला, "टेलरमास्तर, आज तुम्हीच उतरा."

मेहुण्यानं शिंप्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "चला दाजी," म्हणाला खरा, पण पाण्यातल्या चष्म्याचा पट्टा उगाच पुन्हा पुन्हा ताणून बघत राहिला. शिंप्यानं ओळखलं, आज चुकलं, तर हा पुन्हा कधी आपल्याबरोबर उतरायचा नाही.

पाणी निवळ होतं. मेहुणा बुडी मारून खडकापाशी गेला, मागे वळून वर शिंप्याकडे बघत घुटमळला, रिकाम्या हातानं वर आला. डोकं बाहेर निघालं, आणि नेमकी तेव्हाच सुरमई आली! चांगली कमरेएवढी. शिंप्याचा चष्मा अर्धा पाण्यात. डोळ्याच्या कडेला चांदी चमकली. बंदूक हातात, बोट चापावर. पण नजर मेहुण्याच्या ओठांवर, सुईत दोरा ओवताना असते तशी.

"दाजी, सुरमई! मारा की!"

"आधी श्वास घे."

"अहो, चालली ती!"

"जाऊ दे. ठीक म्हण."

मेहुण्यानं दोन-तीन श्वास ओढले. "ठीक आहे हो, ठीक!"

तोवर सुरमई कुठल्या कुठे. होडीवाल्यानं कपाळावर हात मारला, "वाढून आलेलं ताट घालवलंत, मास्तर!"

मेहुण्यानं पुन्हा दम भरला आणि खाली गेला, या खेपेला मागे वळून न बघता.

घरी आले तेव्हा पिशवीत दोनच चिमुकले मासे. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी दिवसभर उन्हात भाजलात? मांजर तरी जेवेल का यात?"

शिंपी गालात हसत पाय धुवायला गेला.

"मोठी होती ताई, दाजींनी सोडली," मेहुणा म्हणाला. "आणि ऐक, पुढच्या रविवारी चहा-साखरेची पुडी यांच्याजवळ देऊ नकोस. चहा होडीवाला करील. दाजी पाण्यात असणार, माझ्याबरोबर."