शेडमागचा खड्डा

वेंडेल क्रुपाने तीस वर्षं लोकांच्या जमिनीत भोकं पाडून पोट भरलं. नेब्रास्कातल्या हॅरिगन गावात कुणाला बोअर मारायची असली की त्याचंच नाव निघायचं. त्याआधी, विशीत, तो रेल्वेच्या यार्डात होता. तिथल्या एका शेडमध्ये डिझेल इंजिनांचे सुटे भाग धुतले जायचे. चौऱ्याऐंशी साली यार्ड बंद पडलं, रूळ उखडले गेले आणि गावाच्या कडेला नुसतं तणकट माजलं.

एकसष्टाव्या वर्षी, माती तपासणाऱ्या एका कंपनीच्या नोकरीत, त्याच तणकटात तो बोअरचं मशीन घेऊन परत गेला. जागा गोदामांसाठी विकायची होती, म्हणून माती आणि खालचं पाणी तपासून घेणं भाग होतं. ओमाहाहून त्याच कंपनीची मॅलरी नावाची भूशास्त्रज्ञ आली होती. वयाने तिशीची, पण कामाला चोख. तिने नकाशा पसरला. त्यावर भोकं पाडायच्या चौदा खुणा होत्या. वेंडेलने त्या बोटाने एकेक करून मोजल्या.

"बाई, धुण्याच्या शेडमागं एकपण भोक नाही?" शेवटी त्याने विचारलं.

"तिथं काही होतं असा कागद नाही आमच्याकडे."

"कागद कसला घेऊन बसलात? ड्रम मी स्वतः लोटलेत. दर शुक्रवारी. ग्रीस काढायचं औषध मळलं की हॉगलंड मुकादम म्हणायचा, ओता मागच्या खड्ड्यात. आम्ही ओतायचो."

मॅलरीने ऑफिसला फोन लावला. बराच वेळ ती नुसतं 'हो, हो' म्हणत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "मंजूर झालंय तेवढंच करायचं. पंधरावं भोक नको."

दुपारी ती सँडविच खायला गाडीत बसली, तशी वेंडेलने मशीन शेडमागं नेलं. अठरा फुटांवरची माती वर आली ती निळसर काळी. तिला गोडसर, डोकं धरायला लावणारा वास होता. मॅलरी धावत आली ती चिडूनच. पण वाफा मोजायचं यंत्र तिने त्या मातीवर धरलं आणि आकडा मोजणीच्या बाहेर गेला. तिने वेंडेलकडे पाहिलं, मग वहीत सगळं लिहून घेतलं.

आठवड्याभरात वेंडेलची नोकरी गेली. कारण दिलं, परवानगीशिवाय खोदकाम. दोन महिन्यांनी अहवाल आला. त्यात जागा ठीकठाक होती, भोकं चौदाच होती. मॅलरीने एकदा फोन केला. "मी लिहिलं होतं हो. वरून काढलं," एवढंच म्हणाली.

यार्डाच्या खालच्या अंगाला कॉटनवूड रस्ता. तिथं नऊ घरं, आणि प्रत्येकाची आपली बोअर. जमिनीखालचं पाणी यार्डाकडून तिकडंच सरकतं, हे वेंडेलइतकं कुणाला ठाऊक असणार? पाचव्या घरात त्याची थोरली बहीण लुसील राहायची. तिचा नवरा रे मूत्रपिंडाच्या कॅन्सरने गेला होता.

लुसीलने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. त्याने कपाला हात लावला नाही.

"हे पाणी पिऊ नकोस, ताई."

"चाळीस वर्षं पितेय. आता काय झालं त्याला?"

त्याने ड्रमचं, खड्ड्याचं, काळ्या मातीचं सगळं सांगितलं. ती शेगडीला टेकून ऐकत होती.

"तुला केव्हापासून ठाऊक होतं?"

"ओतलं ते ठाऊक होतंच. ते कुठं जातं, ते नंतर कळलं."

"नंतर म्हणजे कधी, वेंडेल?"

बोअरच्या धंद्यात पडल्यावर दोन-तीन वर्षांतच कळलं होतं. म्हणजे रे धडधाकट होता तेव्हा. रविवारी याच टेबलावर बसून तो रेबरोबर पत्ते खेळायचा आणि हेच पाणी प्यायचा. विषय काढला असता तर रस्त्यावरच्या घरांची किंमत मातीमोल झाली असती, आणि आधी बोट त्याच्याकडेच वळलं असतं. शिवाय कदाचित काही नसेलही, असं तो स्वतःला सांगत आला होता.

"बोल ना! आता का दातखीळ बसली?"

तिने कॉफी मोरीत ओतली आणि दार उघडून उभी राहिली.

त्यानंतर त्याने राज्याच्या पर्यावरण खात्यापुढे शपथेवर जबानी दिली. खात्याने हलायला दीड वर्ष लावलं. नऊपैकी सहा बोअरींत तेच औषध निघालं. सुनावणीत रेल्वेच्या वकिलाने त्याला अगदी गोडीत विचारलं, "मुकादमाचा हुकूम लेखी होता का, मिस्टर क्रुपा?" हॉगलंड केव्हाच वारला होता. पेपरात छापून आलं, जुन्या कामगाराची कबुली. गावाने तेवढंच वाचलं. दुकानात लोक त्याच्या मागे रांगेत उभे राहीनात. "तीस वर्षं मशीन चालवून आता इमानदार झालास होय रे?" असं शेजारच्या ड्वेनने त्याला तोंडावर सुनावलं.

कॉटनवूड रस्त्याला नळ आला. लुसील लिंकनला मुलीकडे निघून गेली. सामान भरायला वेंडेल गेला होता. तिने भाडोत्री माणसं बोलावली होती. तो फुटपाथवर उभा राहिला, आणि ती त्याच्या समोरून गाडीत जाऊन बसली.

यार्डात आता गोदामं आहेत. मागच्या बाजूला पाणी तपासायच्या झाकणबंद नळ्या पुरल्यात. दर तीन महिन्यांनी कुणीतरी नमुने घ्यायला येतं. एकदा वेंडेल कुंपणापाशी गेला आणि तिथल्या मुलीला विचारलं, "पाण्यातला आकडा उतरतोय का?"

"माफ करा काका," ती बाटलीवर चिठ्ठी डकवत म्हणाली, "बाहेरच्यांना सांगायची परवानगी नाही."