खासदारांचा आशीर्वाद

जपानमधल्या एदोगावात आमच्या खालच्या मजल्यावर एक सासू आणि सून राहायच्या. सून आपल्याकडची, सांगलीची, माझ्याहून थोडीशी मोठी, म्हणून मी त्यांना ताई म्हणे. सासू जपानी, ऐंशीच्या पुढची. ताई त्यांना ओकासान म्हणत, म्हणजे आई. मग मीही तेच म्हणू लागले. दोघींना जोडणारा माणूस, ताईंचा नवरा, आदल्या वर्षी हृदयविकाराने गेला होता. मूलबाळ नव्हतं.

ताईंचा व्हिसा जपानी माणसाची बायको म्हणून होता. अशा विधवांना व्हिसाचं खातं पूर्वी सहसा राहू देई. नव्वदीच्या दशकातल्या त्या हिवाळ्यात खात्याने एक आदेश काढला: नवरा नाही, मूल नाही, तर मुदत संपल्यावर मायदेशी. कायदा तसाच होता. तो बदलायचा तर संसदेत न्यावा लागतो. तिथे भाषणं होतात, कोणी विरोध करतं, कोणी डुलकी काढतं. आदेशाला यातलं काही लागत नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला की तो अमलात येतो.

ताईंची मुदत वसंतात संपत होती. ओकासान म्हणाल्या, "खासदाराकडे जाऊ."

मला हसू आलं. खासदारांकडे जाऊन काही होतं यावर माझा विश्वास पुण्यातच संपला होता. "मी कशाला?" मी विचारलं.

"तू उद्धटपणे बोलतेस," ओकासान म्हणाल्या. "आम्हा दोघींना ते जमत नाही."

ताई हसल्या. "अगं, कौतुक करतायत. चल."

खासदारांचं कार्यालय सेंबेच्या, म्हणजे तांदळाच्या कडक बिस्किटांच्या, दुकानावर होतं. ओकासाननी उंची किमोनो नेसला होता आणि दुखऱ्या गुडघ्याने त्या अरुंद जिना चढत होत्या. हात दिला तर म्हणाल्या, "मागे राहा. पडले तर झेल." वर चटयांची खोली. भिंतभर फोटो, प्रत्येकात खासदार कसल्या ना कसल्या पायाभरणीला फावडं धरून उभे. इतकी माती उकरूनही माणूस इतका स्वच्छ कसा राहतो, हे मला कळेना. खासदार स्वतः पंचाहत्तरीचे, गुबगुबीत. दाराशी वही घेऊन सेक्रेटरी.

ताईंनी सगळं सांगितलं. खासदारांनी डोळे मिटून ऐकलं. ते जागे आहेत की नाहीत ते समजेना, म्हणून मी माझं काम केलं. "कायदे तुम्ही करता ना? मग हा आदेश काढताना तुम्हाला विचारलं होतं का?"

डोळे उघडले. सेक्रेटरीने वहीत बघितलं, जणू उत्तर तिथे होतं.

"नाही," खासदार म्हणाले. "कोणालाच विचारलं नाही."

"मग संसदेच्या समितीत विरोध करा. खात्याला जाब विचारा."

त्यांनी मान लववली. "केंतो शिमासु." म्हणजे, विचार करू. आपल्याकडच्या 'बघू'चा हा सख्खा भाऊ. विषय संपला, चहा प्या आणि निघा.

आम्ही उठलो. खासदारही निरोप द्यायला उठले. आणि ताई खाली वाकल्या, गुडघे टेकले, त्यांच्या पायांना हात लावून डोकं चटईपर्यंत नेलं.

वडीलधाऱ्यांच्या घरून निघताना सांगलीत करतात तो हा नमस्कार. पण जपानात माणूस असं डोकं टेकतो ते घोर अपराधाची माफी मागताना, नाहीतर जिवावर बेतल्यावर. हे ताईंना माझ्याहून चांगलं माहीत होतं, शरीराला नव्हतं. खासदार पांढरेफटक पडले. "डोकं वर करा, कृपा करून डोकं वर करा!" म्हणत तेही गुडघ्यांवर आले. त्यांच्या मागोमाग सेक्रेटरी. आणि ताई उठेनात, कारण डोक्यावर हात पडल्याशिवाय उठायचं नसतं. हे वाट बघतायत त्या उठण्याची, त्या वाट बघतायत आशीर्वादाची. त्या जितक्या थांबल्या तितकी विनवणी मोठी होत गेली. मला ओठ चावावे लागले.

ओकासान मात्र शांत. "तिच्या डोक्यावर हात ठेवा," त्या म्हणाल्या. "त्यांच्यात तशी पद्धत आहे. आणि काहीतरी चांगलं बोला."

खासदारांनी हात पुढे केला. आयुष्यभर फावडी धरलेला तो गुबगुबीत हात ताईंच्या केसांवर टेकला. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. त्या खोलीत एकाएकी कोणी खासदार नव्हतं, कोणी परदेशी नव्हतं. एक म्हातारा माणूस शब्द शोधत होता.

"काय म्हणायचं असतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"दिवाळीला ती मला असंच करते," ओकासान म्हणाल्या. "मी म्हणते, इथेच राहा."

खासदारांनी त्यांच्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाले, "इथेच राहा."

सेक्रेटरीची पेन्सिल थांबली होती. जिना उतरताना ओकासान मागे वळून त्याला गोड आवाजात म्हणाल्या, "त्यांच्यात म्हणे दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही."

ही पद्धत मी कधी ऐकलेली नव्हती. ताईंनीही नव्हती.

वसंतात फुलं यायच्या सुमारास खासदारांनी समितीत खरंच प्रश्न विचारला: संसदेला न विचारता हा आदेश निघालाच कसा? खात्याचा अधिकारी उभा राहिला आणि म्हणाला, विचार करू. आदेश मागे घेतला गेला नाही. पण ताईंच्या पासपोर्टवर शिक्का पडला: एक वर्ष.

ताई चटईवर बसून रडल्या. मी पेढे करायला दूध आटवत ठेवलं. ओकासाननी चष्मा लावून शिक्का पुन्हा पुन्हा वाचला, मग कपाटातून तो उंची किमोनो काढला आणि खिडकीत वाऱ्यावर टांगला.

"आता कुठे?" मी विचारलं.

"खासदाराकडे," त्या म्हणाल्या. "वर्षभर राहा, असं तो म्हणाला नव्हता."