गॅस्केटमधला बर्फ

डिस्प्लेवर उणे अकरा दिसत होतं. असायला हवं होतं उणे ऐंशी.

सोमवारची सकाळ होती. घोडबंदर रोडच्या एका संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, फ्रीझरसमोर पीएचडीची सहा-सात मुलं उभी होती. मी दार उघडलं. आतल्या कप्प्यांवरचा बर्फ भुसभुशीत झाला होता. बोट लावलं की खाली पडत होता.

मी डीप फ्रीझर दुरुस्त करतो. आयटीआय केलं, दिवा स्टेशनजवळच्या एका खोलीतून धंदा सुरू केला, आज डोंबिवली एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. हे सगळं मी भांडून मिळवलंय. कॉन्ट्रॅक्टची प्रत्येक ओळ मी घासाघीस करून घेतो आणि माझा आवाज चढतो, हे ठाण्यात सगळ्या पर्चेसवाल्यांना माहीत आहे.

ही संस्था न्यूरोसायन्सची, म्हणजे मेंदूच्या शास्त्रातली पीएचडी देते. कॉरिडॉरमध्ये एक मोठा बोर्ड आहे. त्यावर प्रत्येक प्रोफेसरचं नाव आणि नावाखाली त्यांच्या संशोधनाचे विषय. नवीन मुलं तो बोर्ड वाचून कोणाकडे काम करायचं ते ठरवतात. मला हे विषय फ्रीझरमुळे पाठ झाले. कोणाचा झोप, कोणाचा वेदना. भोईर सरांचा विषय, आठवण कशी बनते आणि कशी बदलते. विभागप्रमुख नाडकर्णी मॅडमच्या नावाखाली चार ओळी होत्या. त्यातली दुसरी, म्हातारपणातली विस्मृती.

त्या दुसऱ्या ओळीवर काम करणारी मुलगी म्हणजे स्नेहल गायकवाड. वर्तकनगरची. बिघडलेल्या फ्रीझरमधले तीन रॅक तिचे होते. त्यात म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूंचे नमुने. उंदीर म्हातारा व्हायला दोन वर्षं लागतात. तिथे घाई करून काही उपयोग नसतो.

आता माझी बाजू सांगतो. ती चांगली नाही, पण सांगायला हवी.

दोन वर्षांपूर्वी कॉन्ट्रॅक्ट करताना नाडकर्णी मॅडमनी एक अट घातली. अलार्म वाजला की चार तासांत माणूस आला पाहिजे, कितीही वेळा वाजला तरी. मी घासाघीस केली, पण ती ओळ तशीच राहिली. मग फोन सुरू झाले. मुलं दार उघडून आपला डबा शोधत बसायची, तापमान जरा वर गेलं की अलार्म व्हायचा, मी डोंबिवलीहून धावायचो. पोचेपर्यंत सगळं ठीक. एकदा मी मॅडमना म्हटलं, मुलांना शिस्त लावा. सगळ्या मुलांसमोर त्या म्हणाल्या, "तावडे, तुम्हाला हे मशीन कळतं ना नक्की? की कंपनीचा इंजिनिअर बोलावू?"

माझ्या हाताखाली आज इंजिनिअर काम करतात. ते वाक्य मी विसरलो नाही. आजही मला वाटतं, त्यांनी ते बोलायला नको होतं.

त्याच आठवड्यात मी अलार्मची मर्यादा बदलली. आधी तापमान उणे पासष्टच्या वर आलं की अलार्म वाजायचा. मी ती उणे चाळीस केली. तीन बटणं दाबायची असतात. कोणाला सांगितलं नाही. फोन बंद झाले. मॅडम म्हणाल्या, हल्ली मशीन बरं चाललंय. मी म्हटलं, सर्व्हिस केली ना.

या फ्रीझरला दोन कॉम्प्रेसर असतात. पहिला दुसऱ्याला थंड ठेवतो आणि दुसरा तापमान उणे ऐंशीपर्यंत नेतो. त्या दुसऱ्याचा गॅस हळूहळू गळत होता. तापमान गुरुवारी दुपारीच उणे पासष्टच्या वर आलं होतं. जुनी मर्यादा असती तर तेव्हाच अलार्म झाला असता आणि शुक्रवारचा पूर्ण दिवस हातात होता. बाजूला रिकामा फ्रीझर चालूच असतो, फक्त डबे हलवायचे. पण मशीनवरचा दिवा हिरवा होता, आणि दिवा हिरवा असला की आकडा कोणी वाचत नाही. अलार्म शनिवारी वाजला, बंद मजल्यावर.

सोमवारी हे सगळं मला दहा मिनिटांत कळलं. मॅडम आल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दार शेवटी कोणी उघडलं होतं. रजिस्टरमध्ये शुक्रवार, संध्याकाळी पाच, स्नेहलची सही.

त्या क्षणी मी सेटिंगमध्ये गेलो आणि मर्यादा परत उणे पासष्ट केली. सगळे स्नेहलकडे बघत होते. माझ्या अंगठ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

आमच्या धंद्यात रिपोर्टला एक रकाना असतो, 'बिघाडाचे कारण'. त्यात काय लिहायचं हे प्रत्येक सर्व्हिसवाला पहिल्या वर्षी शिकतो. दोष गिऱ्हाइकाच्या बाजूला गेला पाहिजे. मी लिहिलं, दार नीट न लागल्याने कॉम्प्रेसरवर लोड येऊन गॅस गळती. नुसतं एवढं कच्चं वाटलं. मॅडम हुशार बाई, त्या प्रश्न विचारतील. म्हणून पुढे लिहिलं, 'खालच्या उजव्या कोपऱ्यात गॅस्केटमध्ये बर्फ अडकलेला आढळला.' गॅस्केट म्हणजे दाराच्या कडेचं रबर. तिथे बर्फ नव्हता. कोपरा कोरडा होता.

मशीन दर मिनिटाचं तापमान साठवून ठेवतं. ते मी पेन ड्राइव्हवर घेतलं आणि घरी ग्राफ बघितला. गुरुवारपासून सावकाश चढत जाणारी रेघ. शुक्रवारी पाच वाजता एक छोटी टोकदार उडी, आणि लगेच रेघ परत आपल्या जागी. म्हणजे मुलीने दार उघडलं, डबा घेतला, दार नीट लावलं. पेन ड्राइव्ह मी टेबलाच्या खणात टाकला. कोणी मागितला नाही.

पाच महिन्यांनी पीएचडीची नवी बॅच आली. पहिल्या दिवशी प्रत्येक प्रोफेसर आपला विषय समजावतात. मॅडमनी मला बोलावलं, फ्रीझर कसा वापरायचा यावर दहा मिनिटं बोला म्हणून. आत जाताना बोर्ड दिसला. मॅडमच्या नावाखाली तीनच ओळी होत्या. दुसरीच्या जागी पांढरी पट्टी चिकटवलेली. मला कळलं, पण मी पुढे चालत राहिलो.

माझ्या आधी भोईर सर बोलले. ते म्हणाले, आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. प्रत्येक वेळी काढली की ती थोडी नव्याने लिहिली जाते. ज्याच्यावर आपला विश्वास आहे अशा माणसाने खात्रीने एखादी गोष्ट सांगितली, तर ती त्यात मिसळते. मग घडलेलं नसलं तरी माणसाला ते दिसायला लागतं. मी मागे बसून ऐकत होतो. मजेशीर वाटलं.

मग मॅडम म्हणाल्या, तावडे बोलायच्या आधी आपली एक सीनियर दोन शब्द सांगेल. स्नेहल उठली. ती आता झोपेच्या लॅबमध्ये होती, पहिल्यापासून सुरुवात केलेली. तिने स्वतःहून बोलायचं ठरवलं होतं, असं मागून कळलं.

ती नव्या मुलांना म्हणाली, "माझ्याकडून दार उघडं राहिलं होतं. खालच्या उजव्या कोपऱ्यात बर्फ अडकलेला मला दिसला होता. पांढरा, नखाएवढा. मी घाईत होते, तसंच ढकललं. तुम्ही ढकलू नका, बघा."

नखाएवढा हे मी लिहिलं नव्हतं. ते तिचं होतं.

मी फ्रीझरवर काय बोललो ते मला आठवत नाही. नंतर कॅन्टीनमध्ये तिला गाठलं.

"काका, चहा?" ती म्हणाली.

मी सांगितलं. अलार्म, रिपोर्ट, ग्राफ, सगळं. आणि लाज वाटते सांगायला, तिथेही मी सौदा करायला बघितला. म्हटलं, "मी तुला लेखी देतो, तुझ्या नव्या लॅबचं मशीन फुकट सांभाळतो, फक्त मॅडमपर्यंत नको जायला."

तिने कप बाजूला सारला. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला जमलं असतं, भांडणात मी कच्चा नाही.

"घरून निघताना मी शेगडीचा गॅस तीनदा बघते," ती म्हणाली. "आई हसते मला. काका, बर्फ नव्हताच?"

"नव्हता."

"मग मला दिसतो तो कुठला?"

"माझ्या रिपोर्टमधला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी पेन ड्राइव्ह आणि सहीचं पत्र घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी ग्राफ दोनदा बघितला. शुक्रवारच्या त्या उडीवर बोट ठेवलं. मी आवाज चढवायच्या तयारीत होतो, सवयीने. त्या हळू बोलल्या.

"तुम्हाला मशीन चांगलं कळतं, तावडे. तेच वाईट झालं."

हे पहिलं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी दोन वर्षं थांबलो होतो.

कॉन्ट्रॅक्ट गेलं. जायलाच हवं होतं. मॅडमनी सगळ्या विद्यार्थ्यांना पत्र काढलं की स्नेहलचा दोष नव्हता. नमुने परत आले नाहीत. बोर्डावरची पट्टी तशीच आहे.

आता माझ्या वर्कशॉपमध्ये ग्राफ बघितल्याशिवाय 'बिघाडाचे कारण' कोणी भरत नाही. तोवर रकाना कोरा ठेवायचा. गिऱ्हाइकं कुरकुर करतात, करू देत.

स्नेहल मध्यंतरी ठाणे स्टेशनबाहेर भेटली. मी विचारलं, आता तरी बरं वाटतं ना. ती म्हणाली, "हो काका. नव्हता हे माहीत आहे मला." मग म्हणाली, "पण दिसतो अजून."