रखमाची मंचुरियन ग्रेव्ही

अंबरनाथ एमआयडीसीच्या वळणावर रखमाची चायनीजची गाडी. शिफ्ट सुटली की तिची कढई तापायची, आणि तिच्या मंचुरियनला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं तिचं स्वतःचंच म्हणणं. मुलीचा, स्वप्नालीचा, साखरपुडा ठरला. "केटरर सांगू या," स्वप्नाली म्हणाली, तर रखमा भडकलीच. "माझे व्याही माझ्या घरी येऊन दुसऱ्याच्या हातचं खाणार? माझ्या हाताला काय गंज चढलाय?"

झालं! बाईंनी चार दिवस आधीच घट्ट ग्रेव्ही करून टोप फ्रीझरमध्ये ठेवला. ठेवला तर ठेवला, गप्प बसावं की नाही! पण पाहुणे यायला लागले. बदलापूरची नणंद आली, काढ टोप, वितळव, चाखव, परत ठेव. मावशी आली, परत तेच. शेजारीण बिचारी नुसती विळी मागायला आलेली, तिच्याही हातात वाटी दिली. कुणी "वा!" म्हटलं की रखमाचा जीव सुपाएवढा व्हायचा.

साखरपुड्याच्या सकाळी टोप वितळला नि रखमानं झाकण उघडलं. वर नुसतं पाणी, खाली स्पंजासारखे गोळे. उकळलं, घोटलं, पण पाणी काही मिळून येईना.

"आता गं?" स्वप्नाली रडकुंडीला आली. "आपल्याकडचं त्यांचं पहिलंच जेवण!"

तेवढ्यात पाहुणे दारात. नवऱ्यामुलाची आई, भावनाताई, कुजबुज ऐकून थेट स्वयंपाकघरात. रखमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावनाताई टोपात डोकावल्या आणि खुदकन हसल्या.

"कितीदा वितळवलीत?"

"आल्यागेल्याला चाखवली हो," रखमा पुटपुटली.

"मी डबे देते ना, माझंही असंच झालेलं. कॉर्नफ्लोअर पाणी धरून ठेवतं, पण बर्फ झाला की सोडून देतं. दरवेळी आणखी थोडं. ठेवायचीच तर नुसता मसाला ठेवायचा, कॉर्नफ्लोअर आयत्या वेळी." त्यांनी भरजरी पदर कमरेला खोचला. "कोबी कुठाय?"

मग काय, बाहेर पुरुषमंडळी दुसऱ्यांदा चहा पीत बसली आणि आत दोघींचा नुसता दणका. कढईला चर्र आवाज आला तशी रखमाची भीड पळाली. नवी ग्रेव्ही चकचकीत उतरली. स्वप्नालीनं चमचा जिभेला लावला.

"आई, मीठ कमी वाटतंय."

"तू गप बस गं!" रखमाच्या आधी भावनाताईच कडाडल्या. "मीठ माझ्या विहिणीनं घातलंय."