भूतबंगल्याची रांग

पार्कातल्या हॅलोविनच्या भूतबंगल्यापुढे लांबलचक रांग होती. मी तिकिटाच्या दुप्पट पैसे मोजून रांग टाळायचा पास घेतला होता, त्यामुळे लेकीला घेऊन थेट आत शिरलो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, एवढंच?"

मला गावच्या जत्रेतला भूतबंगला आठवला. आत चादर पांघरलेला एकच माणूस असायचा, तोही आमच्या ओळखीचा शिंपी. पण रांगेत उभं असताना आतल्या किंकाळ्या ऐकू यायच्या, आणि दार जवळ येईल तशी ताई माझा हात आणखी घट्ट धरायची. खरं घाबरणं तिथेच उरकायचं.

आताही रांगेत दोन मुली एकमेकींना बिलगून उभ्या होत्या. लेक त्यांच्याकडे बघत राहिली.

"आपण तिथे उभं राहूया का?" तिने विचारलं.