वाऱ्यावर वाळलेला शर्ट

पडदा वर जातो. समोर एकच खोली. डावीकडे वाफ सोडणारी इस्त्री, उजवीकडे चादरींच्या थप्प्या आणि मध्ये टांगलेले शर्ट. जणू बिनडोक्याचे नट एन्ट्रीची वाट बघत उभे आहेत. मागे खिडकी, कायम बंद. तिच्यापलीकडे साऱ्या शहराच्या कचऱ्याचा डोंगर. सकाळी वारा तिकडे वाहतो, तोवर ठीक. दुपारी तो उलटा फिरला की नाकाला रुमाल लावल्याशिवाय दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत.

या खोलीच्या नायिका म्हणजे लॉन्ड्रीवाल्या मावशी. वयाने मी मोठा, पण सगळी गल्ली मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. आमच्या नाटक कंपनीचे कपडे त्याच धुवायच्या. रंग, घाम, खोटं रक्त, काही म्हणून शिल्लक राहायचं नाही. मी राजाच्या भूमिका करायचो, म्हणून त्या मला ‘राजे’ म्हणतात. राज्य गेलं, कंपनी गेली, हाक तेवढी टिकली.

मावशींचा एकच हट्ट. त्यांच्या हातून गेलेल्या कपड्याला कचऱ्याचा वास येता कामा नये. म्हणून त्या बाहेर काही वाळत घालतच नाहीत. आतल्या खोलीत दारं लावून, हीटर पेटवून वाळवतात. त्यांची सून म्हणते, “कपडे वाळतात आणि आम्हीही वाळतो.”

त्या डोंगरापायी गल्लीने महापालिकेकडे भरपाई मागितली होती. घरोघरी वार्षिक रक्कम, कचऱ्यावर मातीचा जाड थर आणि मावशींसाठी कपडे वाळवायला हवेशीर, बंदिस्त शेड. पण पहिल्या पाहणीतच घोटाळा झाला. आमच्या गल्लीची एक खोड आहे. पाहुणा दिसला की कोपऱ्यावरचा वाणी शटर दोनदा आपटतो. लगेच खिडक्या लागतात, जिन्यांवर फिनेल पडतं, सेंटच्या बाटल्या निघतात. पाहुण्याला अवघडायला नको, आणि आपल्यालाही. मुलीला बघायला येणारे असोत की पाहणीचे साहेब, आमच्या हातांना फरक कळत नाही. साहेब सकाळच्या वाऱ्यात आले, सेंट हुंगून गेले, आणि ‘हवा प्रसन्न’ असा शेरा मारून मोकळे झाले.

आता दुसरी आणि शेवटची पाहणी. सगळ्यांनी शपथा घेतल्या होत्या, यंदा काहीही झाकायचं नाही. मी माझ्या जुन्या राजवेषाची झालर शिवून घ्यायला मावशींकडे बसलो होतो. आणि बाहेर धाड, धाड!

“मेल्याने आपटलंच शटर!” मावशी ओरडल्या.

“सवयीने हात गेला हो मावशी!” वाण्याचा रडवेला आवाज आला. तोवर गल्लीभर फिनेल झालं होतं.

साहेब आत आले, खुर्चीवर टेकले, म्हणाले, “मागच्यासारखंच. इथे तर साबणाचा किती छान वास येतोय!”

माझ्यातला राजा जागा झाला. “साहेब!” म्हणत मी हात उंचावला तो थेट सुनेने आणलेल्या ट्रेवर. सगळा चहा साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर.

“राजे, राज्य गेलं तरी लढाया चालूच का?” मावशी म्हणाल्या. “साहेब, काढा तो. डाग बसायच्या आत धुऊन देते.”

दुसरं काही मापाचं मिळेना, म्हणून साहेबांना माझा राजवेष चढवला. जरीची कॉलर सावरत ते असे बसले, की माझ्या काळात मीही इतका शोभलो नसेन.

सुनेने धुतलेला शर्ट पिळला. “आतच घालते ना?”

मावशींनी शर्टाकडे पाहिलं. मग बंद खिडकीकडे. इतका वेळ इस्त्री कधी त्यांच्या हातात थांबलेली मी पाहिली नव्हती.

“बाहेर घाल.”

“अहो आई, बरं आहे ना तुम्हाला?”

“बाहेर म्हटलं ना? कचऱ्याच्या बाजूच्या दोरीवर.”

शर्ट वाळेपर्यंत मी साहेबांना जुन्या नाटकांचे किस्से ऐकवले. दुपार झाली, वारा फिरला. सुनेने शर्ट आणला. मावशींनी कडक इस्त्री केली, पण एरवीसारखी नजर वर करून दिला नाही. साहेबांनी बाह्या घातल्या, दुसऱ्या बटनाशी थांबले. कॉलर हुंगली. काख हुंगली. माझ्याकडे संशयाने पाहिलं.

“मी नाही, साहेब,” मी म्हणालो. “तो डोंगर.”

“हे... रोज असं?”

“आज तसं बरंच म्हणायचं,” मावशी म्हणाल्या. त्यांनी खिडकी उघडली, आणि साहेबांनी काढून ठेवलेल्या राजवेषाची झालर नाकाला लावली.

ते गाडीत बसले. ड्रायव्हरने एकदा आरशात पाहिलं आणि चारही काचा खाली केल्या.

काही आठवड्यांनी निरोप आला. रक्कम, माती, शेड, सगळं मंजूर! गल्ली लॉन्ड्रीपुढे लोटली. वाण्याने आनंदाने शटर इतकं आपटलं, की ते अडकूनच बसलं. मी म्हणालो, “मावशी, नायिका तुम्ही. दोन शब्द बोला.”

मावशींनी हात पदराला पुसले.

“साहेबांना म्हणावं, तो शर्ट परत पाठवा, पुन्हा धुऊन देते. असला वासाचा कपडा माझ्या हातचा म्हणून कुणी पाहिला, तर मी काय तोंड दाखवू?”