टॉवेलाखालची तीन बोटं

भास, संकेत... कोणी असलं सांगायला लागलं की मी विचारतो, पुरावा काय? चिकूचा धंदा मी एकट्याने उभा केला, तो करंडीतलं खालचं फळ बघितल्याशिवाय कोणावर विश्वास न ठेवता. तरी हे लिहितोय.

वडील गुरांचे व्यापारी. त्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत — हातावर टॉवेल टाकून आतून बोटं दाबतात. आम्ही दोघं भाऊ तेच शिकलो. लहानपणी तंबूत एक रहस्यपट लागला होता. थोरल्या भावाने तो आदल्या दिवशीच पाहिलेला. मध्यंतरात त्याने टॉवेलाखाली माझी तीन बोटं दाबली — टेबलाशी बसलेला तिसरा माणूस खुनी! सगळी मजा गेली.

नऊ वर्षांपूर्वी वाटणीच्या वेळीही त्याने असाच टॉवेल टाकला. विहिरीकडची बाग त्याला हवी होती. मी ऐकूनच घेतलं नाही. हात हिसकला, चार माणसांत नको ते बोललो आणि उठलो. बाग त्यालाच गेली. तो तलासरीला, मी मसोलीला, बोलणं बंद. चूक त्याचीच, हे मी आजही म्हणतो.

गेल्या महिन्यात रविवारी दुपारी मी तोच सिनेमा टीव्हीवर लावला. आता बघताना कळतं, आगगाडी खेळण्यातली आहे, पाऊस फक्त खिडकीपुरता.

"अहो, या बाईने कडी लावली असती तर सिनेमा इथेच संपला असता," म्हणत बायको चहा ठेवायला आत गेली.

पण पडद्यावर दाराची मूठ हळूच फिरली तेव्हा मांडीवरचा टॉवेल मी घट्ट धरला, खोटं कशाला बोलू? मग 'मध्यंतर' अशी पाटी आली...

आणि टॉवेलाखाली कोणीतरी माझी तीन बोटं दाबली. गरम, खरखरीत हात. मी हात हिसकला, टॉवेल झटकला. काहीच नाही.

पाच मिनिटांत मोबाईल वाजला. भाऊ.

"काय आहे?" मी खेकसलो.

"काही नाही रे. जेवून पडलो होतो, डोळा लागला. आपण दोघं तंबूत बसलेलो... आजही हात काढून घेतलास."

सिनेमाचं मी त्याला सांगितलं नव्हतं. सांगणार कसं?

"घरी आहेस ना?" एवढंच विचारलं. चहा तसाच ठेवून, टॉवेल खांद्यावर टाकून गाडी काढली.

तलासरीला त्याच्या ओट्यावर आम्ही टॉवेल टाकला. त्याने काय दाबलं ते सांगणार नाही. टॉवेलाखालचं बाहेर सांगायचं नसतं. मी हात काढला नाही, एवढं खरं.

पण त्या दुपारी माझ्या घरात माझा हात कोणी धरला होता? अजून कळलेलं नाही.